अकरा मिनिटांचे पाय

लोणावळ्यातल्या आमच्या वाचनालयाचं छप्पर गळायचं, आणि तेही नेमकं धार्मिक पुस्तकांच्या कपाटावर. कादंबऱ्या वर्षानुवर्षं कोरड्या राहिल्या. कार्यकारी मंडळातल्या दोघातिघांना यात काहीतरी संकेत दिसत होता, पण अध्यक्षांना फक्त नवे पत्रे दिसत होते. अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. घाट चढण्या-उतरण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे सभासुद्धा ते शिट्टी वाजवून सुरू करायचे. मी तिथला ग्रंथपाल. म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, धूळ झटकायची, आणि पुस्तक न परतवणाऱ्याच्या दारात जाऊन तो जेवायला बसेपर्यंत उभं राहायचं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पत्र्यांसाठी निधी कसा जमवायचा यावर सभा बसली. संगीत नाटक आणायचं तर नट जेवतात फार. सोडत काढायची तर गेल्या खेपेला शिलाई मशीन जिंकलेला माणूस अध्यक्षांचा मेहुणा निघाला होता. मग मी तोंड उघडलं. पुण्याला जाऊन तीन-चार वेळा मी ते वेगळ्या वळणाचे सिनेमे पाहून आलो होतो. कळले काहीच नव्हते, पण कळल्यासारखं बोलायची सवय लागली होती. मी म्हणालो, आपण चित्रपट महोत्सव भरवू. स्वतःच्या खिशातून सिनेमे काढणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईला आहेत. त्यांचे सिनेमे कुठलंच थिएटर लावत नाही, त्यामुळे बोलावलं की ती बिनपैशात येतात.

‘बिनपैशात’ हा शब्द ऐकून अध्यक्षांनी शिट्टी वाजवली. ठराव मंजूर झाला.

तिघांनी होकार कळवला. त्यातल्या एकाचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याने लिहिलं होतं की माझा अकरा मिनिटांचा लघुपट तुमच्याच डोंगरांत झालाय, आमचं सामान वाहणाऱ्या वाडीवरच्या एका माणसावर. मी लगेच जुळवलं. आमच्या वाचनालयाच्या पायरीवर एक मावशी बसायची. उन्हाळ्यात करवंदं, थंडीत बोरं आणि आवळे. दोन तासांच्या चढावरच्या वाडीतून रोज उतरून यायची. तिचा नवरा लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजारात यायचा. तीन वर्षांपूर्वी ‘पुन्याच्या दाढीवाल्या पोरांची खोकी’ डोंगरावर नेल्याचं त्याने मला स्वतः सांगितलं होतं. आदल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. त्याचा फोटो नव्हता. वाडीत कुणाचाच नव्हता.

आता यात शहाणा माणूस काय करेल? आधी सिनेमा बघेल. मी तिकीटपुस्तक घेऊन पायरीवर गेलो.

“मावशी, तुमचं माणूस पडद्यावर येणार,” मी म्हणालो.

तिने बोरांवरचा हात काढला. “म्हंजी?”

“त्या दाढीवाल्यांनी चित्र काढलं होतं ना, ते दाखवणार आहोत. रविवारी.”

“हालत्यात त्यात?”

“हलतात काय, चालतात! डोळ्यांसमोर चालताना दिसतील बघा.”

तिने एक किडकं बोर निवडून बाजूला टाकलं. मग म्हणाली, “भाऊ, मला आताशा त्येंचं तोंड नीट आटवत न्हाई. सपनात येत्यात, पर पाटमोरं.”

मी म्हणालो, रविवारी बघा पोटभर. आणि तिच्या हातात तिकीट ठेवलं. फुकट द्यायला निघालो होतो, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. तसं काही मला सुचलं नव्हतं. तिने पदराची गाठ सोडून पैसे दिले आणि मी घेतले.

रविवारी सकाळी पाहुणे आले. अध्यक्ष हार घेऊन स्टेशनवर उभे होते. गाडीतून काळा चष्मा आणि पांढरी पँट घातलेला एक देखणा गृहस्थ उतरला, त्याच्या गळ्यात त्यांनी हार घातला. तो बायकोला घेऊन हवा खायला आलेला कुणीतरी होता. लोणावळ्यात येणाऱ्या प्रत्येकाचं असंच स्वागत होतं अशी समजूत होऊन त्याने नमस्कार केला आणि हारासकट टांग्यात बसून तो निघून गेला. खरे तीन दिग्दर्शक मागे चहाच्या गाड्यापाशी उभे होते. दाढ्या वाढलेल्या, खांद्याला झोळ्या, हातात पत्र्याचे गोल डबे. हे तूपवाले असावेत असं अध्यक्षांना वाटलं होतं.

खेळ शाळेच्या हॉलमध्ये होता. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. पुण्याहून भाड्याने आणलेलं यंत्र चालवायला आम्ही देहूरोडचा एक ऑपरेटर बोलावला होता. तो तिथल्या डेपोत जवानांना शिकवणीच्या फिल्म दाखवायचा. अध्यक्ष यंत्रासमोर नारळ फोडायला निघाले, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. “पाणी आत गेलं तर बल्ब जाईल,” तो म्हणाला. “आमच्या घरात छप्पन्न सालापासून नारळ बंद आहे. काही अडलेलं नाही.” अध्यक्षांनी नारळ बाहेरच्या दगडावर फोडला.

या ऑपरेटरची एक सवय आम्हाला ठाऊक नव्हती. डेपोत फिल्म चालू असताना कुणा साहेबाने हात वर केला, की यंत्र तिथल्या तिथे थांबवायचं. साहेब पडद्यावरचा बंदुकीचा भाग जवानांना समजावून सांगणार, मग पुढे. म्हणून त्याने चित्र थांबवता येईल असंच यंत्र मुद्दाम निवडून आणलं होतं. त्याच्या लेखी वर गेलेला हात म्हणजे हुकूम.

आणि आमच्या मावळातल्या लोकांची एक सवय त्या दिग्दर्शकांना ठाऊक नव्हती. जत्रेत खेळ रंगला की कुणीतरी हात वर करतो, खेळ थांबतो, तो देणगी देतो, आणि भोंग्यावरून त्याचं नाव-गाव पुकारलं जातं. देणाऱ्याने एखादी फर्माईश सांगितली तर खेळ करणाऱ्याने ती पुरी करायची. त्याशिवाय खेळ झाला असं कुणी मानत नाही.

पहिला सिनेमा कातळ आणि ढग यांच्यावर होता. ढग सरकला, कातळ जागेवर राहिला, सिनेमा संपला. लोकांना वाटलं ही सुरुवातीची जाहिरात. दुसऱ्या सिनेमात एक कारकून पंख्याखाली बसून भिंतीकडे बघत होता. पाच-सहा मिनिटं तो बघतच राहिला. तेव्हा परंदवडीहून आलेले एक मातब्बर आबा उठले आणि त्यांनी हात वर केला. ऑपरेटरने खाडकन यंत्र थांबवलं. कारकून पडद्यावर गोठला.

“वाचनालयाला माझ्याकडनं अकरा रुपये,” आबा म्हणाले. “आन् त्या गरिबाला कुनीतरी च्या पाजा. सकाळधरनं बसलाय.”

अध्यक्षांनी हे जसंच्या तसं माईकवरून पुकारलं. टाळ्या पडल्या. मग काय, हातांची रांगच लागली. आंबी गावचे एक जण, बाजारपेठेतले दोघे, महिला मंडळाच्या चिटणीस. दर अर्ध्या मिनिटाला कारकून थांबे आणि पुन्हा बघू लागे. त्याचा दिग्दर्शक धावत अध्यक्षांकडे आला. म्हणाला, अहो, चित्रपटाची सलगता तुटतेय. अध्यक्ष म्हणाले, आमचं छप्पर जोडलं जातंय. मी तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. सुचवलं मीच होतं, त्यामुळे सगळं श्रेय माझंच होतं.

तिसरा सिनेमा लावण्याआधी त्याचा दिग्दर्शक पुढे आला. किडकिडीत, अंगावर शाल, आवाज इतका हळू की पहिल्या रांगेलाही कानावर हात ठेवावा लागला. तो म्हणाला, “हा चित्रपट एका माणसाबद्दल नाही. माणूस असण्याबद्दल आहे.” मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र वाडीची माणसं कुठे बसलीत ते बघत होतो. मावशी एकटी आली नव्हती. नऊ-दहा जण घेऊन आली होती. सगळे न्हाऊन-धुऊन, तेल लावून, मधल्या रांगेत एकमेकांना चिकटून बसले होते. मावशीचं लुगडं घडीतून काढलेलं होतं.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर पाय आले.

अनवाणी पाय, गुडघ्याच्या खाली. ते दगडावरून वर चढत होते. दगडांवर सावली पडत होती, सावलीच्या डोक्यावर खोक्याची सावली. पाय ओढ्यातून गेले. पाय थांबले. एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. पुन्हा चढ लागला. पहिली दोन मिनिटं हॉल माना पुढे काढून बसला होता. सगळे वाट बघत होते की आता कॅमेरा वर जाईल, आता जाईल. तिसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, “वरचं कापलं जातंय! मशीन उचला!”

हे अध्यक्षांना एकदम पटलं. चित्र खाली उतरलंय, म्हणून माणसाचा वरचा भाग दिसत नाही. त्यांनी वाचनालयातून आणलेली दोन जाड धार्मिक पुस्तकं यंत्राच्या पुढच्या पायांखाली सारली. पाय पडद्यावरून निघाले आणि शाळेच्या सुविचाराच्या फळ्यावर चढले. तोंड तिथेही नव्हतं. तिसरं पुस्तक घातलं, तसे पाय छताच्या वाशांवरून चालू लागले. मान वर करून सगळा गाव बघतोय. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

डोळे पुसले तेव्हा मावशी उभी होती. तिचा हात वर होता.

यंत्र थांबलं. एक पाय वाशावर टेकलेला, एक अधांतरी. मावशी रांगेतून बाहेर आली, पदराची गाठ सोडत पुढे गेली आणि अध्यक्षांच्या टेबलावर आठ आणे ठेवून काहीतरी बोलली. अध्यक्षांनी घसा खाकरला. नियम म्हणजे नियम, त्यांनी पुकारलं: “वाडीवरच्या मावशींकडून आठ आणे. त्यांची फर्माईश अशी की... आमच्या माणसाचं तोंड दाखवा.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. फिल्म भाजू नये म्हणून ऑपरेटरने यंत्राचा बल्ब मालवला आणि हॉलचे दिवे लावले. दिग्दर्शक पुढे आला. ज्याने आपली खोकी वाहिली त्याच्या बायकोसमोर एक दिवस उभं राहावं लागेल, अशी कल्पना त्याने कधी केली नव्हती.

“यात चेहरा नाहीये बाई,” तो म्हणाला.

“घेतलंच न्हाई?”

“घेतला होता. नंतर काढून टाकला.”

“का वो? वंगाळ व्हतं का तोंड?”

“नाही नाही. चांगलं होतं.”

“मंग?”

तो शालीचं टोक पिळत राहिला. मग म्हणाला, “चेहरा दिसला की बघणाऱ्यांना त्या माणसाची कीव येते. ते मला नको होतं.”

“येऊं द्यायची की,” मावशी म्हणाली. “तुमची खोकी घिऊन दोन डोंगर चडलं आमचं मानूस. येवडी लोकं हायेत, घटकाभर कीव केली असती तर कुनाचं काय बिगाडलं असतं?”

अध्यक्षांनी आठ आणे तिच्यापुढे सरकवले. तिने घेतले नाहीत. “छपराला घाला,” म्हणाली. वाडीची माणसं उठली आणि तिच्यामागून एका रांगेत बाहेर गेली. माझ्या शेजारून जाताना ती थांबली नाही, नुसतं बघितलं. मला एखादी शिवी चालली असती.

उरलेला सिनेमा मी बघितला नाही. दुपारी पाहुण्यांच्या जेवणात मी त्या दिग्दर्शकावर असा तुटून पडलो की वाढणाऱ्या बायका पिठल्याचं पातेलं घेऊन मागे सरकल्या. माणसाचं शीर उडवून कसली कला करता, असं मी ओरडलो. खरं तर माझी मलाच लाज वाटत होती आणि ती कुणाच्या तरी ताटात वाढायची होती. तो ऐकून घेत होता. भाकरीचा तुकडा मोडून त्याने तसाच ठेवला होता. म्हणाला, “काढून टाकलेले तुकडे आहेत माझ्याकडे. खाटेखाली, डब्यात.”

“मग आणा!”

तो पुढच्या रविवारी घेऊन येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण शुक्रवारी त्याचं कार्ड आलं. मावशी तर आठवडाभर पायरीवर फिरकली नव्हती, म्हणून शनिवारी मी वाडीवर गेलो. दोन तासांचा चढ, त्यात माझे नवे बूट. पोचलो तेव्हा मी लंगडत होतो. ती अंगणात आवळे वाळत घालत होती.

“आता खोटं बोलायला येवडं लांब आला व्हय?” ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून तिने पाणी आणून दिलं. मी सांगितलं, तोंड आहे, उद्या आणताहेत. पण या खेपेला मी एवढंच म्हणालो की मी स्वतः बघितलेलं नाही.

रविवारी दुपारी वाचनालय बंद ठेवून आम्ही आतून दार लावलं. दिग्दर्शकाकडून कळताच ऑपरेटर यंत्र घेऊन आला होता, रजेच्या दिवशी, न बोलावता. कपाटाशेजारची भिंत पांढरी होती, तीच पडदा. मावशी भिंतीपासून हातभरावर खाली बसली. मागे सरका म्हटलं तर ऐकेना.

आणि तो भिंतीवर आला. डोक्याला मुंडासं, अंग ताठ, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. कॅमेऱ्याकडे बघून सगळे दात दाखवून हसत होता. अर्धं मिनिट तो तसाच हसत उभा राहिला आणि मग भिंत पुन्हा पांढरी झाली. मी ओळखलं त्याला. मला मनापासून आनंद झाला. मावशीकडे बघितलं तर ती हातावर हात ठेवून बसली होती.

“आमचंच हायेत,” ती म्हणाली. “पर ह्ये तोंड फारेस्टच्या सायबाम्होरचं. मोळी धरली का त्ये असंच हसायचं. घरात कदी असं हसलं न्हाईत.”

दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, “आम्हीच सांगितलं होतं, हसा म्हणून.”

“त्येच म्हनते मी.” तिने रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग ती म्हणाली, “त्ये पाय आनल्यात का?”

त्याने आणले होते. ऑपरेटरने रीळ चढवलं, आणि आठवड्यापूर्वी ज्यांच्यावर मी रडेपर्यंत हसलो होतो ते पाय भिंतीवरून चढू लागले. मावशी हळूहळू उठून उभी राहिली. “ह्यो डावा. ह्या डाव्या पायानं जरा वडून चालायचं. मोळी अंगावर पडलीती.” ओढा आला. “हितं बगा, पानी आलं का बोटं आवळत्यात. गार पान्याची लय भीती.” त्या पायांत एवढं काही होतं हे मला दिसलं नव्हतं. ते ज्याने काढलं त्यालाही दिसलं नव्हतं, कारण तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता.

मग एक टाच अख्ख्या भिंतीवर आली. भेगा पडलेली, भेगांत काळे ठिपके. दिग्दर्शकाने मला नंतर सांगितलं की त्याला ते ठिपके म्हणजे खडीची सावली वाटली होती.

“बिब्बा,” मावशी म्हणाली. “मी तापवून भेगांत घातल्याला. दर हिवाळ्याला घालायचे. चटका बसला का वरडायचं मला.” आणि तिने त्या टाचेला लावायला हात वर केला.

हात वर गेला आणि ऑपरेटरने सवयीने यंत्र थांबवलं. टाच तिच्या हाताखाली स्थिर राहिली. ती भेगांवरून बोटं फिरवू लागली, एकेका ठिपक्यावरून, सावकाश.

ऑपरेटर दिग्दर्शकाच्या कानाशी वाकला. “जास्त थांबवलं तर फिल्म भाजेल. दहा मोजतो आणि सोडतो.”

दिग्दर्शक म्हणाला, “मोजू नका.”

पत्रे पुढे बसले. धार्मिक पुस्तकं कोरडी राहू लागली. ती वाचणारे मात्र वाढले नाहीत. मावशी तिच्या पायरीवर परत आली आणि मला मोजून चार आवळे जास्त देऊ लागली. तो सिनेमा मी आणखी एकदाच पाहिला, दोन वर्षांनी, पुण्यात, समजदार मंडळींत. चित्रात टाच आली आणि टाचेच्या कडेला एक तपकिरी डाग झळकून गेला. चर्चेच्या वेळी चष्मेवाले एक प्राध्यापक उठले. मातीचं आणि माणसाचं नातं दाखवणारी ती जळकी खूण अत्यंत अर्थपूर्ण आहे, असं ते म्हणाले, आणि दिग्दर्शकाला त्यामागचा विचार विचारला.

दिग्दर्शकाने मला मागच्या रांगेत पाहिलं होतं. तो नेहमीसारखाच हळू बोलला, पण त्या दिवशी हॉलभर ऐकू गेलं.

“विचार काही नाही,” तो म्हणाला. “तिथे त्याच्या बायकोचा हात लागलाय.”